राणीच्या बागेतले वाघ बोरिवलीत सोडा म्हणणाऱ्यांसाठी

माझी पुतणी सातवीत आहे. शाळेने ‘आपल्या शहरातल्या एका जागेची नवी रचना’ असा प्रकल्प दिला. तिने भायखळ्याची राणीची बाग निवडली आणि घरच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड जसाच्या तसा वहीत उतरवला. तो मेसेज मलाही आला होता, एकदा नव्हे, अनेकदा. मी दुर्लक्ष करत होते. पण एक शाळकरी मुलगी तो खरा मानून सुवाच्य अक्षरात लिहून काढते, खाली वाघाचं चित्र काढते, तेव्हा गप्प बसवत नाही.

मेसेजचा सारांश असा: पिंजरे तोडा. वाघ-बिबटे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सोडा, बाकीचे प्राणी ताडोबात. मुंबईच्या उकाड्यात सगळे पेंग्विन मेले, ही क्रूरता थांबवा. जुनी झाडं नुसती जागा अडवून बसली आहेत, ती काढून सिंगापूरसारखं प्राणिसंग्रहालय बांधा, किंवा सरळ होलोग्राम लावा. बाग रात्रीही उघडी ठेवा. ‘प्राण्यांवर प्रेम असेल तर पुढे पाठवा.’ सगळे प्राणी सोडून द्यायचे आणि सिंगापूरसारखं प्राणिसंग्रहालयही बांधायचं, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदणार, असं पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलेलं नाही.

वाघापासून सुरुवात करते, कारण तो मुद्दा नुसता चुकीचा नाही, जिवावर बेतणारा आहे. राणीच्या बागेत २०२० साली वाघांची जोडी आली ती औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून, म्हणजे एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यात. जंगलातला बछडा साधारण दोन वर्षं आईबरोबर राहून शिकार शिकतो. इथल्या वाघाला मांस माणसाने आणून दिलेलं असतं. माणसाची चाहूल लागली की जेवण आलं, एवढंच त्याला ठाऊक. असा वाघ बोरिवलीत सोडायचा? जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं ते जंगल आहे, आत आदिवासी पाडे आहेत, कडेला इमारती भिडल्या आहेत आणि बिबटे आधीच तिथे आहेत. काही आठवड्यांतच एकतर तो वाघ उपाशी मरेल, नाहीतर एखाद्या पाड्यावरचं पोर जाईल.

हा अंदाज हवेतला नाही. महाराष्ट्रानेच हा प्रयोग करून पाहिला आहे, तोही जंगली बिबट्यांवर. जुन्नर वनविभागात उसाच्या पट्ट्यातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम २००१ च्या सुमारास चालली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास करून २०११ साली ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. मोहिमेआधी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले नंतर १७ वर गेले. माणसं दगावण्याचं प्रमाणही वाढलं, आणि हल्ले एकवटले ते बिबटे सोडलेल्या जागांच्या आसपास. हे बिबटे जंगली होते, स्वतःची शिकार स्वतः करणारे होते. त्यांना फक्त पकडून, पिंजऱ्यात ठेवून अनोळखी मुलखात सोडलं, तर ही गत. मग जन्मभर कुंपणाआड वाढलेल्या जनावराचं काय होईल? हे ‘प्राणीप्रेम’ पुढे पाठवणाऱ्यांनी जुन्नर, ओतूर, आळेफाट्याच्या गावांत जाऊन वाचून दाखवावं.

‘बाकीचे ताडोबात’ यावर जास्त लिहायची गरज नाही. बागेतला पाणघोडा आफ्रिकेतला आहे. कोलंबियात एका गुन्हेगाराने हौसेने आणलेले चार पाणघोडे त्याच्या मृत्यूनंतर मोकाट राहिले, त्यांची प्रजा आज शंभराच्या कितीतरी पुढे गेली आहे आणि तिथलं सरकार हैराण आहे. शिवाय चंद्रपुरात वाघ आणि माणसांचा संघर्ष आधीच पेटलेला असताना आणखी जनावरं तिकडे धाडा म्हणणाऱ्याला चंद्रपूरच्या माणसांची किंमत मुंबईकरांपेक्षा कमी वाटते, असंच मी म्हणेन.

पेंग्विन. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आले, ऑक्टोबरात त्यातली एक मादी दगावली. हे खरं आहे आणि तेव्हा जो गदारोळ झाला तो व्हायलाच हवा होता. पण ‘सगळे मेले’ हे धादांत खोटं आहे. त्यांची पिल्लं झाली, वाढली, आणि संख्या मूळच्या दुपटीपलीकडे गेली. मेसेजखाली काही जण ‘अंटार्क्टिकाला पाठवा’ असंही जोडतात, ते तर त्याहून अडाणी. हे हम्बोल्ट पेंग्विन. त्यांचं घर पेरू आणि चिलीचा किनारा, जिथे मागे वाळवंट आणि पुढे थंड प्रवाहाचा समुद्र असतो. बर्फाच्या खंडावर ते जगणार नाहीत. बागेतल्या त्यांच्या दालनाचं तापमानही १६ ते १८ अंश ठेवतात, शून्याखाली नाही. एवढं मात्र नाइलाजाने मान्य करते की ते आणायलाच नको होते. चोवीस तास वीज खाणारं थंड दालन हा मुंबईच्या सार्वजनिक बागेचा पहिला खर्च असू शकत नाही. नव्या रचनेत आणखी परदेशी पाहुणे नकोत, एवढा धडा त्यातून घेतला तरी पुरे.

आता झाडं. इथे मला खरा राग येतो. राणीची बाग १८६२ साली उघडली ती वनस्पती उद्यान म्हणून, प्राणी नंतर आले. तीन हजारांहून अधिक झाडं तिथे आहेत. फुगीर बुंध्याची गोरखचिंच आहे, बुंध्यावरच फुलणारा कैलासपती आहे, आणि उर्वशी आहे, जिचे लालबुंद लोंबते घोस पाहायला जाणकार मुद्दाम वाट वाकडी करतात. दीडशे वर्षांची मुळं ‘जागा अडवतात’ म्हणणाऱ्याने भायखळ्याचा रस्ता आणि बागेतली सावली एकदा मे महिन्यात पायी अनुभवावी.

सिंगापूरचं उदाहरण तर उलट आपल्याच बाजूचं आहे. ते प्राणिसंग्रहालय १९७३ मध्ये उघडलं ते शहराबाहेर मंडाईला, जलाशयाच्या काठी, जंगलाला लागून. तिथली झाडी हीच तिथली भिंत आहे. गजांऐवजी खंदक ही कल्पनाही सिंगापूरची नव्हे, जर्मनीत कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने ती १९०७ सालीच हॅम्बुर्गजवळ अमलात आणली होती. भायखळ्यात खोल खंदक खणायचे म्हणजे मुळं तोडायची. या बागेसाठी थायलंडच्या सल्लागाराचा शेकडो कोटींचा आराखडा आला होता, तेव्हा नागरिकांनी याच झाडांसाठी लढा दिला आणि पालिकेला तो बदलावा लागला. ती लढाई पुन्हा पहिल्यापासून लढायला लावणारा मेसेज प्राणीप्रेमाच्या नावाने फिरतो आहे.

होलोग्राम सर्कशीत ठीक आहेत, जर्मनीतल्या एका सर्कशीने ते आणलेही. बागेत मात्र मूल सुसरीचा वास घेतं, घारीची सावली बघतं. आणि बाग रात्री उघडी ठेवायची मागणी करणाऱ्यांना बुधवारी ती बंद का असते, हे माहीत नसावं. २००९ च्या प्राणिसंग्रहालय नियमांनुसार आठवड्यातून एक दिवस प्राण्यांना माणसांपासून सुट्टी द्यावी लागते. दिवसभर गर्दी सोसलेल्या जनावरावर रात्री दिवे मारणं ही कसली दया?

मेसेजमागचा संताप अगदीच निराधार नाही. ओल्या सिमेंटवर त्याच दोन पावलांत येरझाऱ्या घालणारे बिबटे माझ्या पिढीने पाहिले आहेत, ते परत नकोत. त्याच नियमांत वाघाच्या एका जोडीला किमान १००० चौरस मीटर मोकळं आवार लागतं असं लिहिलं आहे. इतकी जागा झाडं न तोडता जितक्यांना देता येईल, तितकेच मोठे प्राणी ठेवावेत. मग ती एकच जोडी ठरली तरी चालेल.

म्हणून पुतणीला मी सांगितलं, आधी कागदावर फक्त झाडं काढ, प्रत्येकाचा घेर आणि मुळांचा पसारा धरून. मग उरलेल्या मोकळ्या जागांत आवारं बसव. शेकरू, उदमांजर, हरियाल, तरस, कोल्हा असे आपल्याच मुलखातले प्राणी घे, आणि त्यातही आधी जायबंदी झालेले, जंगलात परत जाऊ न शकणारे. प्रत्येक आवारात एक कोपरा असा ठेव जिथे प्राण्याला लपता येईल आणि माणसाला डोकावता येणार नाही, तिकीट काढलं असलं तरी. झाडांवर मराठीत नावं लाव. तिने वाघाचं चित्र तसंच ठेवलं आहे. खालचा ‘बोरिवलीत सोडा’ हा मजकूर खोडून जुन्नरचे ते दोन आकडे लिहिले आहेत, ४ आणि १७. घरच्या ग्रुपवर तेच पान मी पाठवलं आहे.