नमुना नाकारणं ही लॅबची सोय आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

न्यूमोनियाच्या तपासणीसाठी आलेला लाळमिश्रित बेडका लॅबने नाकारावा, या माझ्या लेखावरचे तुमचे आक्षेप नेमके आहेत, म्हणून उत्तर जरा लांबतं आहे. नव्याने येणाऱ्यांसाठी त्यांचा गोषवारा देतो. एक: आयसीयूतल्या रुग्णाचा बेडका मुश्किलीने मिळतो, तो 'लाळयुक्त' म्हणून परत पाठवणं ही लॅबची सोय आहे. दोन: २००६ च्या कॅनडा-अमेरिकेतल्या अभ्यासानंतर जीवाणूंची मोजदाद (नमुन्यात मिलीमागे किती जीवाणू ते काढणं) कालबाह्य झाली, तरी माझ्या लेखात तिचा आग्रह आहे. तीन: एमडीच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी ठरलेली नमुनासंख्या गाठायची असते, नाकारत बसलं तर तो ती गाठणार कधी?

नमुना नाकारला की लॅबचं काम वाचतं, हे कबूल. पण नियम त्यासाठी झालेला नाही. तोंडाच्या आणि घशाच्या अस्तरातल्या चपट्या एपिथेलियल पेशी फुप्फुसात नसतात. ग्रॅम स्टेनच्या (पेशी आणि जीवाणू दिसावेत म्हणून रंगवलेल्या) स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाच्या लो पॉवरखाली दर फील्डला त्या सरासरी १० पेक्षा जास्त दिसल्या, तर डबीत आलेला माल तोंडातला आहे. मरे आणि वॉशिंग्टन यांनी मेयो क्लिनिकमधून १९७५ साली ही मर्यादा मांडली. चांगल्या नमुन्यात एपिथेलियल पेशी १० च्या आत आणि पस सेल्स (पुवातल्या पांढऱ्या पेशी) २५ च्या वर असतात. हे पाहायला पाच मिनिटं पुरतात, कल्चरला, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवायला, दोन-तीन दिवस जातात.

आणि ही चाळणी रुग्णालयातच जास्त लागते. चार-पाच दिवस भरती असलेल्या, त्यात अँटिबायोटिक चालू असलेल्या माणसाच्या घशात क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, अॅसिनेटोबॅक्टर या जीवाणूंनी बिऱ्हाड थाटलेलं असतं. त्याची लाळ प्लेटवर लावली तर तेच उगवणार, मग न्यूमोनिया असो वा नसो. रिपोर्टवर 'क्लेब्सिएला, हेवी ग्रोथ' आलं की वॉर्डात कोलिस्टिन हे अँटिबायोटिक सुरू होतं आणि किंमत मूत्रपिंडं मोजतात. प्रबंधात तोच आकडा 'सर्वाधिक आढळलेला रोगकारक' म्हणून छापला जातो. कँडिडा या बुरशीचंही तसंच. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वसनमार्गातून तो वारंवार उगवतो, न्यूमोनियाचं कारण मात्र क्वचितच असतो. सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेच्या व्याख्येत तर कँडिडा, एन्टेरोकॉकस आणि कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस हे फुप्फुसाच्या ऊतीतून किंवा प्लुरल द्रवातून (फुप्फुसाभोवतीच्या पाण्यातून) मिळाले तरच धरतात. तरीही हे तिघं कित्येक प्रबंधांच्या तक्त्यात ठाण मांडून बसलेले दिसतात.

नियम आंधळेपणाने लावायचा नाही, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. क्षयाच्या तपासणीला ही चाळणी नाही, सीबीनॅट या क्षयाच्या जनुकीय चाचणीसाठी आलेला लाळेसारखा दिसणारा नमुनाही लावायचा. लिजिओनेला या जीवाणूच्या न्यूमोनियाची शंका असेल तरी नाकारायचा नाही, कारण त्यात पस सेल्स कमी असू शकतात. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाकडून २५ पस सेल्सची अपेक्षा धरणं तर चूकच, तिथे फक्त एपिथेलियल पेशी पाहायच्या. प्रौढांच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबमधून घेतलेल्या स्रावासाठी कसोटी निराळी आहे: एपिथेलियल पेशी १० च्या वर, किंवा ग्रॅम स्टेनवर एकही जीवाणू नाही, तर कल्चरला लावायचा नाही. आणि नाकारणं म्हणजे फेकून देणं नव्हे. डबी फ्रिजमध्ये ठेवायची, तासाभरात वॉर्डला फोन करायचा. सिस्टरना नेमकं सांगायचं: साध्या पाण्याने चूळ भरू दे, मग खोल खोकून आलेला बेडका द्या. बेडका येतच नसेल तर डॉक्टरांना विचारून ३ टक्के सलाइनचं नेब्युलायझेशन.

आता तो २००६ चा अभ्यास. त्यात ७४० रुग्ण होते. ब्रॉन्कोस्कोपीने फुप्फुस धुऊन घेतलेला नमुना जीवाणू मोजून लावला काय, किंवा ट्यूबमधला स्राव न मोजता लावला काय, २८ दिवसांच्या मृत्यूत फरक पडला नाही. पण ज्यांच्यात स्यूडोमोनास किंवा एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस) आधीपासून माहीत होता, ते रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. आपल्याकडच्या आयसीयूत असे रुग्ण बाजूला काढले तर खाटा किती उरतील, तुम्हीच सांगा. शिवाय त्या अभ्यासाचा प्रश्न उपचाराचा होता. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा प्रश्न 'कोणता जंतू किती' हा आहे. म्हणून ब्रॉन्कोस्कोपीचा आग्रह नाही. २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांतही ट्यूबमधला स्राव अर्ध-संख्यात्मक पद्धतीने लावणंच सुचवलं आहे: प्लेटच्या चार भागांत रेघा ओढायच्या आणि वाढ कितव्या भागापर्यंत गेली ते लिहायचं. मोजायचंच असेल, तर ट्यूबच्या स्रावाला मिलीमागे एक लाख जीवाणू, धुवणाला दहा हजार आणि संरक्षित ब्रशने (आवरणातून आत नेलेल्या ब्रशने) घेतलेल्या नमुन्याला एक हजार, या मर्यादा आहेत.

मोजणीत घोळ होतो तो बहुधा सक्शनच्या, म्हणजे स्राव ओढून घेण्याच्या वेळी. स्राव जमा होतो त्या ट्रॅपमध्ये १ मिली स्राव आणि ९ मिली सलाइन आलं, की एक लाखाचे दहा हजार होतात आणि खरा रुग्ण 'निगेटिव्ह' ठरतो. किती सलाइन घातलं हे फॉर्मवर लिहायची जागाच नसते. दुसरा घोळ वेळेचा. नमुना दोन तासांत लॅबला पोचायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये. दुपारपर्यंत वॉर्डच्या टेबलावर पडून राहिला तर न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस मरतात, ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय मात्र फोफावतात. त्यात हिमोफिलससाठी लागणारं चॉकलेट अगार हे माध्यम नसेल आणि कार्बन डायऑक्साइड नसेल, तर हिमोफिलस सापडणार कसा? 'आमच्याकडे हिमोफिलस नाही' या निष्कर्षामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

छेदाबद्दल, म्हणजे दर कशाने भागून काढायचा याबद्दल, तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तुम्ही उल्लेखलेल्या प्रबंधात खरी गडबड तिथे आहे. व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया 'इतक्या नमुन्यांपैकी इतके पॉझिटिव्ह' असा सांगता येत नाही. एकाच रुग्णाचे पाच नमुने गेले तर एकच अॅसिनेटोबॅक्टर पाचदा मोजला जातो. अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रतिकाराच्या तक्त्यात प्रत्येक रुग्णाचा त्या प्रजातीचा पहिलाच जंतू धरायचा आणि एका प्रजातीचे असे ३० तरी जंतू (३० रुग्णांचे) नसतील तर टक्केवारी काढायची नाही. आजाराचा दर काढायचा तो व्हेंटिलेटर-दिवसांवर: रोज ठरावीक वेळी किती रुग्ण व्हेंटिलेटरवर आहेत ते मोजा आणि बेरीज करा. ८०० दिवसांत १२ घटना असतील तर दर हजारी १५. व्याख्याही एकच ठेवा. सीडीसीची २०१३ ची व्याख्या निदानासाठी नाही, देखरेखीसाठी आहे. दोन दिवस स्थिर असलेल्या रुग्णाचा पीप (श्वास सोडल्यावर फुप्फुसात राखलेला व्हेंटिलेटरचा दाब) ३ ने किंवा ऑक्सिजनचं प्रमाण २० टक्के अंकांनी वाढवावं लागलं आणि ते दोन दिवस टिकलं, तर ती 'घटना' होते. त्यात फुप्फुसातलं पाणीही मोजलं जातं, एआरडीएस (फुप्फुसांची अचानक होणारी गंभीर इजा) हाही. त्या आकड्याला न्यूमोनिया म्हणायचं नाही.

राहिला नमुनासंख्येचा प्रश्न. त्यावर तोडगा प्रस्ताव लिहितानाच निघतो. पहिल्या महिन्यात किती नमुने नाकारले जातात ते पाहा. एक तृतीयांश जात असतील आणि १५० हवे असतील, तर २२५ गोळा करायची परवानगी एथिक्स कमिटीकडून आधीच घ्या. नाकारलेल्यांची संख्या प्रबंधात लिहा, परीक्षक ती पाहून खूश होतात, नाराज नाही.

तुमच्या विद्यार्थिनीचं नमुने गोळा करणं संपलं आहे असं तुम्ही लिहिता. तिने ग्रॅम स्टेनच्या स्लाइड्स जपल्या असतील, तर काहीच वाया गेलेलं नाही. कल्चरचा निकाल न दाखवता दोघांकडून त्या पुन्हा वाचून घ्या, पेशी मोजा आणि पात्र नमुन्यांचा तक्ता वेगळा काढा. दोन वाचकांत मतभेद झाला तर तिसऱ्याला दाखवा. स्लाइड्स फेकल्या असतील, तर तो तक्ता 'नमुन्यांतून उगवलेले जीवाणू' या नावाने छापा, 'न्यूमोनियाचे रोगकारक' या नावाने नको.