प्लॅस्टिक सगळ्यात शेवटी

मंडळी, अमेरिकेच्या आग्नेय भागात, राली-कॅरी, शार्लट, अटलांटा, रिचमंड या पट्ट्यात घर घेतलेल्या आणि घ्यायला निघालेल्या सगळ्यांसाठी, घराखालच्या पोकळीत शिरणाऱ्या पाण्याबद्दल ही पोस्ट आहे. लांब आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. चुकीच्या क्रमानं काम केल्यामुळे आपल्या लोकांचे हजारो डॉलर मातीत जाताना बघवत नाही.

आपल्याकडे घराचं जोतं भरीव असतं. मुरूम-दगड भरायचे, पाणी मारायचं, धुमसानं चोपायचं. त्यामुळे पायाखालच्या जमिनीच्याही खाली पोकळी असेल हे आपल्या डोक्यातच येत नाही. इथे ती असते. काँक्रीट ब्लॉकच्या बुटक्या भिंती, त्यावर फ्लोअर पेलणाऱ्या लाकडी तुळया (जॉइस्ट) आणि खाली दीड ते चार फूट उंचीची उघड्या मातीची जागा. हीच क्रॉल स्पेस. घर घेताना आपण किचनचा ग्रॅनाइट दहा वेळा बघतो, पण या दीड फुटाच्या दारातून टॉर्च मारून कुणी बघत नाही.

मग एक दिवस खालून कुबट वास येतो, लाकडी फ्लोअर मधेच फुगतं, आणि फोन केला की सेल्समन येतो. तो खाली जाऊन मोबाइलवर बुरशीचे फोटो काढतो आणि बाहेर येऊन 'एन्कॅप्स्युलेशन'चं कोटेशन देतो, म्हणजे मातीवर आणि भिंतींवर जाड पांढरं प्लॅस्टिक, वर हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर. मी एन्कॅप्स्युलेशनच्या विरोधात नाही, उलट या दमट हवेत ते हवंच. पण ते काम सगळ्यात शेवटचं आहे. आधी छपराचं पाणी, मग जमिनीवरून वाहणारं, मग जमिनीतलं, आणि त्यानंतर हवेतलं. हा क्रम उलटा केला की प्लॅस्टिकखाली डबकं साठतं, आणि वरून सगळं पांढरंशुभ्र दिसत असल्यामुळे ते वर्षानुवर्षं कळत नाही.

पाणी कुठून येतंय हे ओळखायला यंत्र लागत नाही, तारीख-वार लिहून ठेवायची वही लागते. पाऊस पडल्यावर काही तासांतच ओल दिसली तर ते छपराचं किंवा अंगणातून वाहत आलेलं पाणी. दोन-तीन दिवसांनी वर आलं तर जमिनीत मुरलेलं. पाऊस नाही, जुलै महिना आहे आणि तरीही थेंब ठिबकतायत, तर एसीच्या गार डक्टवर हवेतली वाफ जमतेय, किंवा एसीचा ड्रेन पाइप खालीच सुटलाय. एसीचं हे पाणी थोडं नसतं, दमट दिवसात पाच ते वीस गॅलन सहज निघतं. आणि ऋतू कुठलाही असला तरी ओल तीच, असं असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा हलला तर पाइप गळतोय.

खाली गेलात की ब्लॉकच्या भिंतीकडे नीट बघा. लोणा धरलेला असतो, पांढरी भुकटी. तिची वरची कड जिथे थांबते तिथपर्यंत ओल चढलेली असते. एका कोपऱ्यात ही रेघ गुडघ्याएवढी आणि बाकी भिंतीला वीतभर असेल, तर त्या कोपऱ्याच्या बरोब्बर बाहेर जाऊन उभे राहा. बहुतेक वेळा तिथे पन्हळीचा खालचा पाइप भिंतीच्या बुडाशीच पाणी ओतत असतो. खात्री करायची तर कोरड्या दिवशी त्या कोपऱ्यात अर्धा-पाऊण तास बागेचा पाइप सोडून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला आत बघायला सांगा.

आता पन्हळी. जमिनीवरचा व्याप २००० चौरस फूट असलेल्या छपरावर १ इंच पाऊस पडला की सुमारे १२५० गॅलन, म्हणजे ४७०० लिटर पाणी जमतं. आपल्या भाषेत दहा हजार लिटरचा जवळजवळ अर्धा टँकर! तो चार कोपऱ्यांत भिंतीला लागून रिकामा होतो आणि आपण आत पंप बसवायचा विचार करतो. पन्हळ वर्षातून दोनदा साफ करा, पाइनची झाडं असतील तर जास्त वेळा. साधारण ३५-४० फूट पन्हळीमागे एक डाउनस्पाउट, म्हणजे पाणी खाली आणणारा पाइप, हवा. २ बाय ३ इंचाचा असेल तर ३ बाय ४ चा करून घ्या, पानं सहसा अडकत नाहीत. आणि त्याचं पाणी भिंतीपासून निदान ६ फूट, जमलं तर १० फूट लांब सोडा.

जमिनीखालून न्यायचं असेल तर ४ इंची, छिद्रं नसलेला, कडक पीव्हीसी पाइप घाला. काळा वळ्यावळ्यांचा पाइप स्वस्त असतो आणि वळवायला सोपा, पण वळ्यांत गाळ बसतो, वरून गवत कापायचा मोवर गेला की चेपतो आणि आतून साफ करता येत नाही. उतार दर फुटाला पाव इंच द्या, अगदीच जागा नसेल तर अष्टमांश इंच. खणण्याआधी ८११ ला फोन करून गॅस-वीज-केबलच्या खुणा करून घ्या. ही सेवा फुकट आहे.

एक चूक फार ठिकाणी दिसते. पायाभोवती जी छिद्रांची ड्रेन लाइन असते तिलाच छपराचं पाणी जोडून टाकतात. म्हणजे जिथलं पाणी काढायचं तिथेच छपराचं आणून ओतायचं. दोन्ही लाइनी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवा.

जमिनीचा उतार. इथल्या बिल्डिंग कोडप्रमाणे भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमीन ६ इंच खाली गेली पाहिजे. भिंतीशी आणि १० फुटांवर अशा दोन खुंट्या ठोका, दोरी ताणा, दोरीवर लेव्हल लटकवा आणि टेप लावा. दहा मिनिटांचं काम आहे. नवीन घरातही हा उतार दोन-तीन वर्षांत उलटा होतो, कारण पाया बांधल्यावर खड्ड्यात परत भरलेली माती कुणी नीट दाबलेली नसते. ती बसते आणि भिंतीला लागून वाडगा तयार होतो. इथली लाल चिकणमाती पाणी मुरू देत नाही, त्यामुळे पाणी वाड्यातल्या हौदासारखं तिथेच उभं राहतं. भर घालताना हीच चिकणमाती थराथरानं चोपून घाला. वाळू किंवा नुसता मल्च (झाडाच्या सालीचा चुरा) घातला तर वरून उतार दिसतो, पण पाणी त्यातून सरळ खाली जातं. फक्त माती सायडिंगपासून (भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणापासून) ६ इंच खाली राहील हे बघा, नाहीतर पाणी थांबेल आणि वाळवी लागेल.

घर उतारावर असेल तर वरच्या बाजूला, भिंतीपासून थोडं दूर, उथळ गवताची चर काढून पाणी घराला वळसा घालून न्या. कोकणात घरामागच्या धरडीचं पाणी वळवायला गडगा-चर काढतात, तीच गोष्ट.

एवढं केल्यावर दोन-तीन मोठे पाऊस जाऊ द्या. पुष्कळ घरांचा प्रश्न इथेच सुटतो आणि आतलं खोदकाम वाचतं. म्हणूनच घाई करू नका असं कळकळीनं सांगतोय.

तरीही पाणी आलं तर आतून ड्रेन. भिंतीच्या आतल्या बाजूनं फूटभर रुंद चर, त्यात गाळ अडवणारं नॉन-वोव्हन कापड, त्यावर धुतलेली पाऊण इंची खडी, मग ४ इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप, वर पुन्हा खडी आणि कापडाची घडी. छिद्रं खालच्या बाजूला. वर ठेवली तर पाइपाबाहेर पाणी छिद्रांपर्यंत चढल्यावरच ते आत शिरेल. पाइपला कोपऱ्याकोपऱ्यावर साफसफाईची तोंडं ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: चर फुटिंगच्या, म्हणजे भिंतीखालच्या काँक्रीटच्या पायाच्या, तळाखाली नेऊ नका, फुटिंगला अगदी चिकटूनही खणू नका. फुटिंगखालची माती सैल झाली की भिंत खचते. कंत्राटदार 'आणखी थोडं खोल जाऊ' म्हणाला तर तिथेच थांबवा.

हे पाणी बाहेर काढायचे दोन मार्ग. अंगण पुरेसं उताराचं असेल तर पाइप सरळ खालच्या बाजूला उघड्यावर काढा आणि तोंडाला जाळी बसवा, नाहीतर उंदीर आत राहायला येतात. याला वीज लागत नाही, त्यामुळे वादळात लाइट गेली तरी काम चालू राहतं. हा मार्ग शक्य असेल तर दुसरा विचार करू नका.

सपाट जागेत संप पंप, म्हणजे टाक्यात जमलेलं पाणी उपसणारा पंप, लागतो. जागेतल्या सगळ्यात खोल कोपऱ्यात साधारण १८ इंच व्यासाचं, दोन-अडीच फूट खोल टाकं, बहुतेक घरांना तृतीयांश हॉर्सपॉवरचा पंप पुरतो. दीड इंची पाइप, त्यावर पाणी उलट येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह, बाणाची दिशा वर. पंप आणि चेक व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पाइपला अष्टमांश इंचाचं एक बारीक भोक पाडायचं असतं. ते नसेल तर पंपात हवा अडकते, मोटर घुं-घुं आवाज करत राहते, पाणी उचलत नाही आणि शेवटी जळते. प्लंबर घाईत ते विसरतो, म्हणून तुम्ही विचारा. काही पंपांना कंपनीनंच भोक ठेवलेलं असतं, तेव्हा माहितीपत्रक आधी वाचा. टाक्याला झाकण, शॉक बसू नये म्हणून वीज तोडणारा जीएफसीआय प्लग, बॅटरीवर चालणारा दुसरा पंप आणि पाणी वाढल्यावर वाजणारा अलार्म हवाच. पंपाचं पाणी घराच्या सांडपाण्याच्या लाइनला जोडू नका, बहुतेक ठिकाणी तशी परवानगी नसते. आणि खाली पाणी साचलेलं असताना विजेचा मेन बंद केल्याशिवाय कुणीही आत उतरू नका.

आता कुठे प्लॅस्टिकची पाळी. क्रॉल स्पेसच्या भिंतीत हवेसाठी असलेल्या जाळ्या उघड्या ठेवल्या की हवा खेळते आणि ओल वाळते, असं वाटतं. कोरड्या प्रदेशात ते खरंही आहे. इथल्या उन्हाळ्यात उलटं होतं. बाहेरच्या हवेचा दवबिंदू ७२ फॅरनहाइट आणि खाली तापमान ७५, म्हणजे ती हवा आत शिरून गार झाली की आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. अशा हवेत लाकूड वीस टक्क्यांच्या आसपास ओल धरून बसतं आणि बुरशीला तेवढं पुरतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण वाफ होऊन ते जरूर जातं. घरातली उबदार हवा वर चढते आणि जॉइस्टमधल्या फटींतून ही खालची हवा ओढून घेते. मुलांच्या बेडरूममध्ये हीच हवा असते.

रालीच्या अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेनं नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रिन्सव्हिल गावात १२ घरांवर अभ्यास केला होता. जाळ्या बंद केलेल्या क्रॉल स्पेस उघड्यांपेक्षा कोरड्या राहिल्या आणि गरम-गार करण्याचा खर्चही १५ टक्के किंवा अधिक वाचला. तेव्हा बंद करा, पण नीट. प्लॅस्टिकचे जोड निदान ६ इंच एकमेकांवर आणि टेपनं बंद, कडा भिंतीवर चढवलेल्या, वर ३ इंचांची पट्टी मात्र मोकळी. वाळवीची माती तिथेच दिसते. दर १००० चौरस फुटांना दिवसाला ७० पिंट पाणी काढणारा, क्रॉल स्पेससाठीच बनवलेला डीह्युमिडिफायर लावा. दुकानातला साधा लावला तर थंडीत त्याची कॉइल गोठते.

तीन ठिकाणी थांबा. खाली जुन्या पद्धतीची, ज्वलनासाठी तिथलीच हवा घेणारी गॅस फर्नेस किंवा वॉटर हीटर असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय जाळ्या बंद करू नका, कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे. घर पूरक्षेत्रात असेल तर पुराचं पाणी आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या झडपा कधीही बुजवू नका, त्या नसल्या तर पाण्याच्या दाबानं भिंत कोसळते. आणि लाकूड अजून ओलं असेल तर झाकू नका. पिन असलेला मॉइश्चर मीटर विकत मिळतो. जॉइस्टमध्ये टोचून आकडा १५-१६ टक्क्यांपर्यंत उतरलेला बघा. डीह्युमिडिफायर पहिल्याच दिवशी ४५ टक्के आर्द्रतेवर लावू नका. ६० पासून हळूहळू खाली आणा, नाहीतर वरच्या हार्डवुडच्या फळ्या आकसून फटी पडतात.

कोटेशन द्यायला आलेला माणूस आधी बाहेर घराला फेरी मारतो का, पन्हळीकडे मान वर करून बघतो का, एवढं लक्षात ठेवा. सरळ खाली घुसून प्लॅस्टिकचा रोल मोजायला लागला तर आणखी दोघांना बोलवा. घर घेत असाल तर नॉर्थ कॅरोलायनात ड्यू डिलिजन्सची, म्हणजे घर तपासून सौदा सोडता येण्याची, मुदत संपायच्या आत, आणि शक्यतो मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरला खाली पाठवा. साधा होम इन्शुरन्स जमिनीतून झिरपलेल्या पाण्याचे पैसे देत नाही. संप पंप बंद पडून झालेल्या नुकसानीसाठीही वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं.

हरिकेन सीझन १ जूनला सुरू होतो. मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी संपमध्ये बादलीनं पाणी ओता, पंप चालू करणारा फ्लोट उचलला जातो का बघा, मग मुख्य प्लग काढून बॅटरीवरचा पंप तेवढंच पाणी काढतो का तेही बघा. आणि बाहेर ड्रेनच्या तोंडावर वाढलेलं गवत कापून टाका.