मामांना शिकायचंय, त्यात हसण्यासारखं काय?

आज डोकं फार तापलंय, म्हणून लिहितेय.

मामांसोबत एका सरकारी कार्यालयात गेले होते. मामा सैन्यातून नायक (हवालदाराच्या खालचा हुद्दा) म्हणून निवृत्त झालेत, वय ६४. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचंय. माजी सैनिकाला त्यासाठी काही मदत मिळते का, एवढंच विचारायचं होतं. टेबलामागचा पोरगा हसला. "बाबाजी, आता कायले शिकता? नातवाईले शिकवा." मामा काहीच बोलले नाहीत. डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातल्या नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, थैलीत टाकलं अन् उठले.

मग मी घरी येऊन नियम वाचले. रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून हवालदार आणि त्याखालच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना पदवीपर्यंत मदत आहे. प्रत्येकी महिन्याला १००० रुपये होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये २००० केले. चांगलंच झालं. वीरपत्नी आणि विधवा ताईंना पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळते, मिळालीच पाहिजे. पंतप्रधान शिष्यवृत्तीही माजी सैनिकांच्या मुलांना अन् विधवांना. अन् ज्यानं स्वतः बंदूक उचलली त्याला? त्याच्यासाठी यातल्या एकाही योजनेत जागा नाही!

दहावी झाल्या झाल्या मामा भरतीला गेले. घरी कोरडवाहू वावर, मागं भावंडं. मास्तर म्हणत होते याला कॉलेजला घाला. कोण घालणार होतं?

१५ वर्षं सेवा केलेल्या दहावी पास जवानाला केंद्राच्या गट 'क'च्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी राखीव जागांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरतात, हे खरं. पण ६४व्या वर्षी त्याचं काय करायचं? मामा म्हणतात, "मले नोकरी नाई पायजे बाई, मले शिकाचं हाये."

आधी लेकरांचं बघावं, मान्य. पैसा कमी पडतो, तेही मान्य. पण बी.ए.ला असे किती लागतात? अन् या वयात अर्ज करणारे तरी किती निघतील?

संध्याकाळी मामा ओट्यावर पेपर वाचत बसतात. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारून ठेवतात, मी गेले की एकेक विचारतात. इतकी गोडी आमच्या कॉलेजच्या वर्गात कुणाला नव्हती. त्या माणसाला हसला तो!

फी आम्ही भाचरं भरू, मामांचं अडणार नाही. पण गावोगावी असे फौजी आहेत. तुमच्यापैकी कुणाची खासदारांकडे ऊठबस असेल तर एवढं त्यांच्या कानावर घाला: या योजनांच्या नियमात मुलांच्या अन् विधवांच्या ओळीखाली 'स्वतः माजी सैनिक, वयाची अट नाही' एवढं लिहून घ्या. निवेदन मी लिहून देते, सह्या गोळा करायला कोण येतंय ते सांगा.