खुलासा: लेड झेपेलिनचा दौरा नाही, ती चित्रफीत २००७ ची आहे

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडबद्दल ‘लेड झेपेलिन पुन्हा एकत्र, जगभर दौरा, तिकिटं सुरू’ असा मेसेज एका चित्रफितीसह फिरतो आहे. चित्रफीत खरी आहे, पण ती १० डिसेंबर २००७ ची, लंडनच्या ओटू अरीनातली. अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीचे संस्थापक अहमत एर्तेगुन यांच्या स्मरणार्थ झालेला तो एकच कार्यक्रम. दौरा तेव्हाही झाला नाही, कारण बँडचे गायक रॉबर्ट प्लांट तयार नव्हते. २०१२ साली त्याच रात्रीचा चित्रपट आला. त्यामुळे चित्रण इतकं स्वच्छ दिसतं आणि ताजं वाटतं.

पडताळायचं तर ड्रमवर पाहा. तिथे जेसन बॉनहॅम आहे, बँडचा मूळ ड्रमवादक, १९८० साली वारलेल्या जॉन बॉनहॅमचा मुलगा. पांढऱ्या केसांचा गिटारवादक जिमी पेज हिरव्या लेझरच्या पिरॅमिडमध्ये उभा राहून गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवतो, ते दृश्यही त्याच रात्रीचं.

‘सूर खाली आहे, म्हणजे आवाज बनावट’ हेही चूक. वयानुसार गायकाचे वरचे सूर आखडतात, म्हणून त्या रात्री काही गाणी मुळापेक्षा खालच्या पट्टीत वाजवली. मूळ रेकॉर्ड शेजारी लावा, फरक लगेच कळेल.

तिकिटांचंही तसंच. २००७ ला १२५ पौंडांचं तिकीट सोडतीनं मिळालं होतं, मागणी तब्बल २ कोटींच्या घरात होती. इतकी आस असलेल्या चाहत्यांना फसवणं फार सोपं आहे. मेसेजमधल्या लिंकवर पैसे भरू नका, कार्डाचा तपशील देऊ नका. हा मेसेज पुढे पाठवला असेल तर कृपया काढून टाका आणि त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.