वऱ्हाडी ठेचा सर्चमधे सापडेना, त्यावरून कट्ट्यावर झालेली वादावादी

काल रात्री पक्या कट्ट्यावर आला तोच वैतागून. एका गृहउद्योगवाल्या ताईंची साइट बनवतोय, पापड लोणची मसाले वगैरे, आणि ताईंचा दुपारी फोन, की अरे मी माझ्याच साइटवर वऱ्हाडी ठेचा शोधते तर 'काहीही सापडलं नाही' येतंय. पक्याच्या लॅपटॉपवर सापडतो, ताईंच्या मोबाइलवर नाही. पक्या म्हणे ताईंचं टायपिंग चुकत असणार.

सुऱ्या उसळलाच. "ताई बरोबर लिहितायत, तुझा कोड चुकतोय." त्याला हे पाठ आहे कारण त्याच्या नावातच हा ऱ्य आहे. युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या जागतिक यादीत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे खालच्या टिंबाचा ऱ, त्याचा नंबर ०९३१, त्याला हलंत (पाय मोडायची खूण) आणि पुढे य किंवा ह. दुसरी म्हणजे आपला साधा र, ०९३०, मग हलंत, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं कॅरॅक्टर. कुठला कीबोर्ड काय टाकेल सांगता येत नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण जावास्क्रिप्टमधे ट्रिपल इक्वल्स लावून दोन्ही सारखे का विचारलं की उत्तर फॉल्स, म्हणजे नाही.

"मग एनएफसी नॉर्मलाइज मारतो की," पक्या. म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी आलं तर ते एका ठरलेल्या रूपात आणायचं. सुऱ्या म्हणाला तेवढ्याने भागत नाही. र आणि टिंब सुटे आले असतील तर एनएफसी त्यांचा एक ऱ करून देतं, जॉइनरला ते हातच लावत नाही. म्हणून नॉर्मलाइजच्या पुढे एक रिप्लेस लावायचा, र हलंत जॉइनर दिसलं की तिथे ऱ हलंत, आणि हे डेटा सेव्ह करताना पण आणि सर्चचा शब्द घेताना पण, एकाच बाजूला केलंस तर व्यर्थ.

अभ्या म्हणाला सरळ सगळे जॉइनर उडवून टाक ना, कशाला एवढा व्याप. तिथे मात्र मी पण बोललो. नुसता जॉइनर काढलास तर रफार होतो रे, दऱ्या लिहिणाऱ्याचं दर्या होईल, डोंगरातून थेट समुद्रात!

पण अभ्याचा खरा मुद्दा वेगळा होता, की गिऱ्हाईक इंग्रजीतच टाइप करतं, एका ठेच्यासाठी कोण एवढं करतं. मला हे अजिबात पटत नाही. कैऱ्या, भाकऱ्या, सुपाऱ्या, पायऱ्या, मराठीत हे पावलोपावली आहे, आणि ताईंसारखी बाई स्वतःच्या भाषेत शोधते तेव्हा तिला 'सापडलं नाही' दाखवणं म्हणजे दारातून परत पाठवणंच झालं.

मग सुऱ्याने पक्याचा ऑर्डर फॉर्म उघडला. नावाच्या रकान्यात कमल टाकलं, चाललं. सीमा टाकलं, 'कृपया योग्य नाव लिहा'. पक्याने रेजेक्समधे, म्हणजे नावात काय चालेल ते तपासणाऱ्या नमुन्यात, बॅकस्लॅश पी आणि एल एवढंच घातलं होतं, म्हणजे फक्त अक्षरं, आणि युनिकोडच्या हिशोबात काना मात्रा वेलांटी ही अक्षरं नाहीत, मार्क आहेत. कमलला एकही मात्रा नाही म्हणून ती सुटली. चौकटी कंसात एलसोबत एम पण घ्यायचा, शेवटी यू फ्लॅग (युनिकोडचे हे गट ओळखायला लागतो तो), आणि हे सगळं वरचा रिप्लेस करून झाल्यावर, नाहीतर जॉइनरवाला सुऱ्या परत बाहेर.

नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवतात ना, तिथेही तीच गत. ज्ञानेश्वरची लेंथ (लांबी) १० येते आणि पहिलं अक्षर काढायला चार-अ‍ॅट शून्य केलं की नुसता ज मिळतो. इंटल सेगमेंटर, म्हणजे ब्राउझरमधलंच शब्दाची दिसणारी अक्षरं वेगळी करणारं साधन, वापरलं तर ज्ञा, ने, श्व, र असे ४ मिळतात. फायरफॉक्समधे ते २०२४ ला, १२५ व्या व्हर्जनला आलं, आता सगळ्या मोठ्या ब्राउझरमधे आहे, फक्त जुन्या व्हर्जनमधे जोडाक्षर मधेच तुटू शकतं. आणि हो, मराठी हेडिंगला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधे जादा अंतर, देऊ नका, शिरोरेषेचे तुकडे पडतात. लिहिलेल्याचा आकडा करणाऱ्या पार्सइंटला ५०० असं देवनागरीत दिलं तर नॅन, म्हणजे 'हा आकडा नाही', येतं, आधी आकडे बदलून घ्या.

अभ्या शेवटपर्यंत म्हणत होता की हे टेस्टिंगवाल्यांनी बघावं. मी म्हटलं टेस्टिंगवाला पण टेस्ट वन टू थ्रीच टाकतो, त्याला शब्द आपणच द्यायला हवेत: दऱ्या, दर्या, सीमा, ज्ञानेश्वर, वऱ्हाडी.

पक्याने कट्ट्यावरच लॅपटॉप मांडीवर घेऊन रिप्लेस घातला, जुन्या प्रॉडक्टच्या नावांवरून पण एकदा फिरवला, आणि ताईंना मेसेज केला. पाच मिनिटांनी त्यांचा स्क्रीनशॉट आला, वऱ्हाडी ठेचा, २०० ग्रॅम.