उलटा की, ताई!

आज सकाळी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या पुस्तकाचं पान उलटलं. माझ्या मांडीवरच्या पुस्तकाचं, मला न विचारता. संध्याकाळ झाली तरी माझी धुसफुस चालूच आहे.

पान साधंसुधं नव्हतं हो. दीड वर्षाच्या आजारपणात माझं वाचन पार आटलं होतं. भेटायला येणारे म्हणायचे, "आता काय, वेळच वेळ! वाच भरपूर." या मंडळींना एकदा अंगात ताप, पोटात गोळ्या आणि उशाशी जाडजूड कादंबरी देऊन निजवायला हवं. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवातीला कोण बोलत होतं तेच आठवायचं नाही. माणूस मनातल्या मनात मिनिटाला 200 ते 250 शब्द वाचतो म्हणे. मी औषधाची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचायचे. म्हणून गेल्या महिन्यात एका रहस्यकथेची सलग दहा पानं झाली, तेव्हा घरभर सांगत सुटले होते. आज पान 41 होतं.

तर हे गृहस्थ शेजारी टेकले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि सरळ माझ्या पुस्तकात डोकावले. जरा वेळानं कानाशी "अच्छा!" आलं. मग "माळीच असणार." मी पुस्तक पलीकडे वळवलं, तर तेही वळले.

"उलटा की, ताई."

"माझं व्हायचंय अजून."

"माझं केव्हाच झालं."

परीक्षेत शेजारच्या मुलीनं पुरवणी मागितल्यावर घाबरावं, तशी मी घाबरले. भराभर वाचायला गेले, काही कळेना, पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

"परत वर गेलात?" म्हणजे हा माणूस माझ्या बुबुळांवरही लक्ष ठेवून होता! "माझ्या नातवाचंही असंच होतं. बोट ठेवून वाचा."

आणि मी बोट ठेवलं. या वयात.

चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज आवाज न करता वाचायचा. त्याला ओळखणाऱ्या ऑगस्टीन या ख्रिस्ती संतानं ते लिहून ठेवलंय. हेही लिहिलंय, की भेटायला आलेली माणसं त्याला वाचताना बघून गप्प बसायची आणि तशीच निघून जायची. काय माणसं असतील! असा एक तरी माणूस माझ्या वाट्याला यावा?

माझं बोट शेवटून तिसऱ्या ओळीवर असताना गृहस्थांनी अंगठा ओला केला आणि पान उलटलं. "किती ताणायचं!"

जिभेवर चांगलं झणझणीत वाक्य आलं होतं. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. दारातून वळून म्हणाले, "42 वर थांबा हं. आलोच."

मी थांबले. का, ते मला विचारू नका. तेच पान तीनदा वाचलं, पुढचं उलटलं नाही.

ते बाहेर आले ते हातातला कागद वाचत. ओठ हलत होते. तळापर्यंत गेले, थबकले आणि परत वर गेले. मग बोट ठेवून वाचू लागले. वाचत वाचतच माझ्यासमोरून दाराकडे गेले.

माळी निर्दोष आहे. पान 42, वरून चौथी ओळ. सांगायचं राहिलं.