तुम्हाला बोलण्याची सक्ती नाही

आमच्या टीव्हीशेजारी पेढ्यांचा एक रिकामा डबा असतो. मालिका चालू असताना मी तोंड उघडलं की त्यात दहा रुपये टाकायचे. ठराव बायकोने मांडला, आईने अनुमोदन दिलं, विरोधी मत नोंदवायचेही दहा रुपये पडले.

दोघींना ब्रिटिश पोलिसांच्या रहस्यमालिकांचं वेड आहे. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, पण तिचं काही अडत नाही. इन्स्पेक्टरचा ओव्हरकोट, दगडी घरं आणि बागेतली गुलाबं बघून ती तृप्त असते. "माणूस पळवून नेलाय आणि हे चहा काय पीत बसलेत!" एवढंच ती म्हणते. तिला दंड नाही. ज्येष्ठ नागरिक.

गेल्या शनिवारच्या भागात होतं अपहरण आणि दुर्मीळ टपाल तिकिटं. शाळेत असताना तिकिटं भाताच्या शितांनी वहीत चिकटवून ज्याने आपला संग्रह स्वहस्ते नासवला, त्याला हे दाखवायचं आणि गप्प राहा म्हणायचं, म्हणजे मधुमेह्याला आमरसाच्या पंगतीत वाढपी नेमण्यासारखं.

एका म्हाताऱ्या संग्राहकाला पळवलेलं असतं आणि खंडणी म्हणून त्याच्याच अल्बममधलं पेनी ब्लॅक मागितलेलं असतं.

"पेनी ब्लॅक कसलं दुर्मीळ!" मी म्हणालो. "१८४० सालचं, जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, हे खरं, पण छापली होती पावणेसात कोटींच्या वर!"

डबा पुढे आला.

"दुर्मीळ म्हणजे ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटाचं. जगात एकच!"

पुन्हा डबा. मग पडद्यावर तिकिटावरचा लाल शिक्का दिसला आणि माझा तोल गेला. तो लाल शिक्का सहज पुसता यायचा आणि तेच तिकीट पुन्हा वापरता यायचं, म्हणून १८४१ मध्ये सरकारने तिकीटच लाल केलं आणि शिक्का काळा. एका पेनीसाठी सरकारचा शिक्का पुसणारे इंग्रज मला तेव्हा पहिल्यांदा आपल्यातले वाटले होते. हेही मी बोलून दाखवलं. बायकोने वाक्यं दोन धरली. सुट्टे संपले. पाकिटात उरली पाचशेची एकुलती एक नोट.

मी ओठ आवळले, आणि नेमकं तेव्हाच तिकीट पडदाभर दिसलं. राणीचा चेहरा, खालच्या डाव्या कोपऱ्यात 'सी', उजव्या कोपऱ्यात 'एम'.

एम?

पेनी ब्लॅकच्या एका पानावर २४० तिकिटं, कारण तेव्हाच्या एका पौंडात २४० पेन्स. वीस ओळी, ओळीत बारा तिकिटं. डावं अक्षर ओळीचं, ए ते टी. उजवं अक्षर ओळीतल्या जागेचं, ए ते एल. बारावं अक्षर एल! एम म्हणजे तेरावं तिकीट, आणि ते सरकारने कधी छापलंच नाही. तिकीट बनावट होतं. मग खंडणी कसली आणि अपहरण तरी कसलं?

पाचशेची नोट खिशात टोचत होती. मी गप्प.

इकडे इन्स्पेक्टरने गरीब पुतण्याला पकडलं. पकडताना तिथले पोलीस एक पाठ म्हणतात, तो आता बायकोलाही पाठ आहे. ती त्यांच्याबरोबर मराठीत म्हणाली, "तुम्हाला काही बोलण्याची सक्ती नाही. पण नंतर कोर्टात जे सांगणार असाल ते विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत, तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते." म्हणताना तिने माझ्याकडे बघायचं काही कारण नव्हतं.

पुढे चोवीस तासांची कोठडी, मग सुपरिंटेंडेंटकडून ती छत्तीस तासांवर. पुतण्या निर्दोष आहे हे आख्ख्या इंग्लंडात कोणाला माहीत नव्हतं, आमच्या सोफ्यावर माहीत होतं. मी उशी पिळत होतो.

"पोटात दुखतंय का रे?" आई म्हणाली. "ओवा देऊ?"

शेवटची दहा मिनिटं उरली असताना सार्जंट मुलीने (या मालिकांत कामं सार्जंटच करतात, इन्स्पेक्टर खिन्न असतो) बोटांवर अक्षरं मोजली. ए, बी, सी... एल. ती थांबली. म्हातारा बहिणीच्या घरी टोस्ट खाताना सापडला. विम्याचे पैसे हवे होते त्याला.

"मला माहीत होतं!" मी उभाच राहिलो. "तासाभरापूर्वीच कळलं होतं! एम बघितल्याबरोबर!"

"हो का?" बायको शांतपणे म्हणाली. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"दंड..."

"विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत. आता कोण विश्वास ठेवणार?" तिने डबा पुढे केला.

"सुट्टे नाहीत."

"राहू दे. ॲडव्हान्स जमा करते."

पुढच्या शनिवारी म्हणे चोरीला गेलेल्या व्हायोलिनची गोष्ट आहे. व्हायोलिनमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझ्या नावावर ४९ वाक्यं जमा आहेत, म्हणून कालपासून वाचायला घेतलंय.